दिवाळे निघाले, तर घराचे काय?

जयसिंगपूर हे मुळात व्यापारासाठी वसवलेले गाव. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ उभी केली. आधी रस्ते आणि गल्ल्या आखल्या, मग तिथे दुकाने आणि घरे आली. अशा पेठेत भरभराट येते तशी बुडीतही येते. कुणाचे यंत्रमाग बंद पडतात, कुणाची उधारी वसूल होत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुराने शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी कुटुंबांचा हिशेबच मोडून टाकला. कर्ज फिटेनासे झाले की घरातल्या बाईच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो दुकानाचा किंवा मागाचा नसतो. ‘आता राहायचे कुठे?’ हा तो प्रश्न असतो.

याची गावात तीन ठरलेली उत्तरे मिळतात. कुणी म्हणते, दिवाळे निघाले की राहते घर आधी जाते. कुणी सांगते, शेतकऱ्याच्या राहत्या घराला कोणीच हात लावू शकत नाही. तिसरा बजावतो, एकदा नादार ठरलात की सरकारी घरकुल कायमचे विसरा. तिन्ही उत्तरे अर्धवट आहेत, आणि अर्धवट उत्तराच्या भरवशावर माणसे घाईने सह्या करतात किंवा हक्काचा अर्जच करत नाहीत. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

दोन शेजारी, एकच कर्ज

समजा, एकाच गल्लीत दोन शेजारी आहेत. दोघांच्या डोक्यावर प्रत्येकी बारा लाखांचे कर्ज आहे आणि दोघांनाही ते फेडता येत नाही. पहिला चार माग चालवायचा. त्याने बँकेकडून कर्ज घेताना राहते घर गहाण ठेवले. दुसरा शेती करतो आणि स्वतःच्या घरात राहतो. त्याचे कर्ज हातउसने, खत-औषध दुकानदाराचे आणि इतर देणेकऱ्यांचे आहे, पण घरावर कुणाचा बोजा नाही. दोन वर्षांनी पाहावे तर पहिल्याच्या घराचा लिलाव झालेला असतो आणि दुसरा अजून आपल्याच घरात राहत असतो.

कर्ज तेवढेच आणि गल्लीही तीच, तरी असे का होते? याचे उत्तर ‘दिवाळखोर’ या शिक्क्यात सापडत नाही. घर गहाण आहे का, ते कोणाच्या नावावर आहे, त्यात कोण राहते आणि तो पोटापाण्यासाठी काय करतो, या साध्या गोष्टींवर ते ठरते.

कायद्याच्या लेखी नादार कोण?

बोलताना आपण धंदा बुडालेल्या प्रत्येकाला दिवाळखोर म्हणतो. कायद्यात मात्र न्यायालयाने तसा हुकूम केल्याशिवाय कोणी नादार ठरत नाही. व्यक्तींच्या नादारीसाठी मुंबई शहरात १९०९ चा कायदा चालतो, तर कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. शंभर वर्षांहून जुन्या या कायद्यात अर्जासाठी कर्जाची किमान मर्यादा आजही ५०० रुपये आहे. कर्ज फेडता येत नसेल तर कर्जदार स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो, आणि ठरावीक परिस्थितीत देणेकरीही त्याच्याविरुद्ध अर्ज करू शकतो.

२०१६ साली देशात नवी नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांसाठी ती जोरात चालू आहे. व्यक्तींसाठीचा तिचा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू झाला. तुमच्या-आमच्यासारख्या दुकानदाराला, मागवाल्याला किंवा शेतकऱ्याला अजून जुनाच कायदा लागतो.

नादारीचा हुकूम झाला की त्या माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. रिसीव्हर ती विकतो आणि आलेले पैसे देणेकऱ्यांमध्ये प्रमाणात वाटतो. पुढे न्यायालय कर्जदाराला मुक्ततेचा हुकूम देऊ शकते. त्यानंतर बहुतेक जुनी कर्जे संपतात. सरकारी देणी, फसवणुकीतून आलेली देणी आणि पोटगी मात्र संपत नाही. जामीनदारही सुटत नाही. हे शेवटचे वाक्य प्रत्येक जामीनदाराने दोनदा वाचावे.

खळ्यावरची वाटणी

हे सारे डोळ्यांसमोर आणायचे असेल तर जुन्या काळचे खळे आठवावे. मळणी झाली की रास एका जागी पडायची. सुतार, लोहार, चांभार, न्हावी असे बलुतेदार यायचे आणि आपापल्या मापाने वाटा न्यायचे. वाटणीआधी दोन गोष्टी मात्र बाजूला निघायच्या. एक म्हणजे पुढच्या पेरणीचे बी, ज्याला कोणी हात लावायचा नाही. दुसरी म्हणजे सावकाराला आधीच लिहून दिलेला वाटा, जो राशीत मिसळतच नसे.

नादारीत हेच घडते. नादाराची मालमत्ता ही रास आणि रिसीव्हर हा वाटणी करणारा. पुढे जगता यावे म्हणून कायदा काही वस्तू बियाण्यासारख्या बाजूला काढतो. आणि गहाण ठेवलेले घर हा सावकाराला लिहून दिलेला वाटा असतो. आपल्या दोन शेजाऱ्यांमधला सगळा फरक या दोन गोष्टींतच आहे.

गहाण घर : नादारीने न थांबणारी वसुली

पहिल्या शेजाऱ्याचे घर गहाण होते. १९२० च्या कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे की, तारण घेतलेल्या देणेकऱ्याच्या वसुलीच्या हक्काला नादारीने धक्का लागत नाही. म्हणजे न्यायालयात नादारीचा अर्ज करून बँकेला गहाण घरापासून दूर ठेवता येत नाही. घर विकून कर्ज पूर्ण फिटले नाही, तर राहिलेल्या रकमेसाठी बँक इतर देणेकऱ्यांच्या रांगेत बसू शकते.

बँकेच्या हातातले मुख्य हत्यार म्हणजे २००२ चा सरफेसी कायदा. त्यात बँकेला आधी दिवाणी दावा लावावा लागत नाही. त्याच्या पायऱ्या अशा आहेत :

१. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे ‘एनपीए’, ठरते.

२. मग कलम १३(२) ची मागणी नोटीस येते. पूर्ण रक्कम भरायला ६० दिवस असतात. या काळात लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते.

३. पैसे भरले नाहीत तर बँक ताबा घेते. आधी दारावर ताब्याची नोटीस चिकटते आणि वर्तमानपत्रात जाहिरात येते. याला कागदोपत्री ताबा म्हणतात. कुटुंब अजून घरातच असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत मागू शकते.

४. त्यानंतर लिलावाची नोटीस निघते आणि विक्री होते. कर्ज, व्याज आणि खर्च वजा करून काही उरले तर ते कर्जदाराचेच असते. नादारीचा हुकूम झालेला असेल तर ती उरलेली रक्कम रिसीव्हरकडे, म्हणजे खळ्यावर, जाते.

बँकेच्या ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आपल्या भागासाठी ते पुण्यात आहे. आणखी एक तारीख मनात कोरून ठेवावी. पूर्ण थकबाकी खर्चासह भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायदा असाच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो पक्का केला. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावत जाणाऱ्याला हा हक्क उरलेला नसतो.

सहकारी बँकेला हा कायदा लागू होतो का, यावर बरीच वर्षे वाद होता. त्याचा निकाल लागला तो आपल्याच जिल्ह्यातल्या, कागल तालुक्यातल्या विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले की सहकारी बँकाही सरफेसी वापरू शकतात. पतसंस्था या बँका नाहीत, त्यामुळे त्यांचा रस्ता वेगळा आहे. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवतात आणि वसुली अधिकारी जप्ती करतो. गावात याला ‘एकशे एकचा दाखला’ म्हणतात. या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखल्याच्या सुनावणीची नोटीस आली तेव्हाच हजर राहून हिशेब मागणे शहाणपणाचे.

सरफेसी शेतजमिनीला लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे. पण बिगरशेती केलेला प्लॉट आणि त्यावरचे घर ही शेतजमीन नव्हे.

बियाण्यासारखे राखलेले घर

आता दुसरा शेजारी. त्याला वाचवले ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्या वस्तू जप्त करता येत नाहीत, त्यांची यादी या कलमात आहे. अंगावरचे आणि घरातले आवश्यक कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे त्यात आहेत. त्याच यादीत शेतकऱ्याचे, मजुराचे किंवा घरगड्याचे स्वतःच्या मालकीचे आणि स्वतः राहत असलेले घर, त्याखालची जागा आणि घराच्या वापराला लागणारी लगतची जमीन आहे.

नादारीचा कायदा हीच यादी उचलून धरतो. जी मालमत्ता कलम ६० प्रमाणे जप्त होत नाही, ती रिसीव्हरच्या हाती जात नाही. दुसऱ्या शेजाऱ्याचे घर खळ्यावर आलेच नाही, ते याच कारणाने.

पण या संरक्षणाच्या तीन अटी आहेत आणि गावातले ‘शेतकऱ्याच्या घराला हात लागत नाही’ हे वाक्य त्या तिन्ही विसरते. पहिली, माणूस खरोखर शेतीवर किंवा मजुरीवर जगणारा हवा. नावावर चार गुंठे आहेत पण पोट दुकानावर चालते, त्याला हे संरक्षण सहज मिळणार नाही. दुसरी, तो त्या घरात स्वतः राहत असला पाहिजे. भाड्याने दिलेले दुसरे घर यात बसत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे घर गहाण नसावे. स्वतःच्या सहीने गहाण दिलेले घर बँक विकते तेव्हा ती जप्ती नसते, लिहून दिलेल्या हक्काची ती वसुली असते.

याच कलमात एक मोलाची तरतूद १९७६ साली आली. ‘मी हे संरक्षण सोडून देतो’ असा करार कोणी लिहून घेतला तर तो रद्दबातल आहे. खासगी सावकाराने कोऱ्या स्टॅम्पवर असे काही लिहून घेतले म्हणून घाबरून जाऊ नये.

घाईने केलेले बक्षीसपत्र

कर्ज वाढू लागले की सल्ला येतो, ‘घर बायकोच्या नावावर करून टाक.’ घर पहिल्यापासून पत्नीच्या पैशाने घेतलेले आणि तिच्या नावावर असेल, तर पतीच्या नादारीत ते ओढले जात नाही. ती जामीनदार किंवा सहकर्जदार नसली पाहिजे, एवढेच. पण थकबाकी सुरू झाल्यावर केलेले बक्षीसपत्र टिकेलच असे नाही. नादारीचा अर्ज त्या व्यवहारापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाला आणि पुढे हुकूम झाला, तर मोबदल्याशिवाय केलेले असे हस्तांतरण रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. नादारी झाली नाही तरी देणेकऱ्यांना फसवण्यासाठी केलेला व्यवहार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतो. नादारीत मालमत्ता लपवणे हा तर एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

मुलांबद्दलचा एक जुना धाकही इथे दूर करावा. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य, या तत्त्वावर पूर्वी मुलाच्या हिश्श्यावर दावा लावता येत असे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांसाठी हे तत्त्व बंद केले. वडिलांकडून वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी राहते, तिच्यापलीकडे नाही.

घरकुलाचा अर्ज : नादारीचा रकाना कुठे आहे?

आता तिसऱ्या समजाकडे येऊ. नादार ठरलेल्या माणसाला काही गोष्टी खरोखर बंद होतात. मुक्तता न झालेला नादार आमदार-खासदार होऊ शकत नाही, कारण राज्यघटनेतच तशी अपात्रता आहे. नगरपरिषदेच्या निवडणुकीलाही ती लागते. यावरूनच लोकांनी पुढचा निष्कर्ष काढला असावा की सगळेच बंद होत असणार. पण लोकप्रतिनिधीची पात्रता वेगळी आणि डोक्यावर छप्पर मिळण्याची पात्रता वेगळी.

जयसिंगपूरसारख्या शहरात १ सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० चालू आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या आर्थिक दुर्बल कुटुंबाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. पात्रता ठरते ती अशा प्रश्नांवर :

• कुटुंबाच्या मालकीचे देशात कुठे पक्के घर आहे का? कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले.

• कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती? आर्थिक दुर्बल गटासाठी मर्यादा ३ लाख रुपये आहे.

• गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही योजनेतून घर मिळाले आहे का?

‘तुम्ही नादार आहात का?’ हा प्रश्न यात नाही. किंबहुना ज्याचे घर लिलावात गेले आणि उत्पन्न आटले, ते कुटुंब पहिल्या दोन प्रश्नांत पात्रतेच्या जवळ येते. अडते ते तिसऱ्या प्रश्नाशी. गेलेले घरच जर सरकारी योजनेतून मिळालेले असेल, तर ते हातात उरलेले नसले तरी २० वर्षांची मोजणी चालूच राहते. म्हणून योजनेतल्या घरावर धंद्यासाठी कर्ज उचलण्याआधी दहा वेळा विचार करावा. ते घर गेले तर दुसरे सहजासहजी मिळत नाही.

उदगाव, चिपरी, दानोळीसारख्या गावांत ग्रामीण आवास योजना लागते. तिच्या अपात्रतेच्या यादीत एक नोंद नीट पाहण्यासारखी आहे. ज्या कुटुंबाकडे ५० हजार रुपये किंवा अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड आहे, ते अपात्र. म्हणजे इथे कर्ज बुडाल्याने दार बंद होत नाही, कर्ज मिळण्याची मोठी ऐपत असल्याने होते. थकबाकीत सापडलेल्या शेतकऱ्याने आपले कार्ड अजून चालू आहे का आणि त्याची मर्यादा किती, हे बँकेतून लेखी घ्यावे. कागदावर राहून गेलेली जुनी मर्यादा अर्जाला नडू शकते.

व्याजाची सवलत कुठे अडते?

घरबांधणीच्या अनुदानापेक्षा गृहकर्जावरच्या व्याजाच्या सवलतीची गोष्ट वेगळी आहे, आणि थकबाकीचा थेट फटका बसतो तो इथेच. शहरी २.० मध्ये २५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजसवलत मिळते. ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत येते. प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज चालू असावे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक असावे, अशी अट आहे. मधल्याच वर्षी घराचा लिलाव होऊन कर्जखाते बंद झाले, तर पुढचे हप्ते येण्याचे कारणच उरत नाही. इथेही नादारीचा हुकूम झाला की नाही हा मुद्दा गौण आहे. कर्जखाते कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहिले जाते.

नादारी चालू असताना मिळालेले घर

आता सर्वांत नाजूक प्रश्न. नादारीचा हुकूम झाला, मुक्तता अजून झालेली नाही, आणि मधल्या काळात त्या माणसाच्या नावावर घर आले. त्याचे काय? १९२० च्या कायद्याप्रमाणे या काळात मिळालेली मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. मग ती विकत घेतलेली असो किंवा वारशाने आलेली. खळ्याच्या भाषेत, वाटणी पूर्ण होईपर्यंत शेतातून येणारी प्रत्येक पेंढी राशीवरच पडते.

यातून दोन वाटा निघतात. तो माणूस मजूर किंवा शेतकरी असेल आणि त्या घरात स्वतः राहत असेल, तर कलम ६० चे संरक्षण नव्या घरालाही मिळते. दुसरी वाट योजनेतच आहे. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे, असा आवास योजनेचा आग्रह आहे. पती नादार असेल तर केवळ पत्नीच्या नावे केलेला अर्ज हा घराचा भक्कम आधार ठरतो. यात लपवाछपवी नाही, कारण ते घर कधी पतीचे नव्हतेच. संयुक्त नावाच्या घरात मात्र नादाराचा हिस्सा वादात सापडू शकतो. बांधायची जागा पतीच्या नावावर असेल तरी हाच प्रश्न येतो, तेव्हा आधी वकिलाला कागद दाखवावेत.

इतर देश काय करतात?

ज्यांची मुले-नातवंडे विलायतेत आहेत, त्यांना तिथली व्यवस्था ऐकून आश्चर्य वाटते. ब्रिटनमध्ये भाडे भरायला सरकारी मदत मिळते. आता काम करण्याच्या वयातल्या बहुतेकांना ती युनिव्हर्सल क्रेडिटमधून मिळते. तिथे दिवाळखोरी साधारण वर्षभरात संपते आणि दिवाळखोर झाल्यामुळे भाडेमदत थांबत नाही, कारण मदत उत्पन्न आणि भाडे पाहून ठरते. पण जुने थकलेले भाडे दिवाळखोरीत गेले म्हणून घर सुरक्षित होत नाही. २०११ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ठरवले की घरमालक ते भाडे वसूल करू शकला नाही तरी थकबाकीच्या कारणावरून घराचा ताबा मागू शकतो. अमेरिकेत टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या राज्यांत राहत्या घराला किमतीची मर्यादा न घालता मोठे संरक्षण आहे, मग तो शेतकरी असो वा दुकानदार. गहाण घर मात्र तिथेही वाचत नाही.

आपल्या २०१६ च्या संहितेने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. व्यक्तीचे बोजा नसलेले एकच राहते घर ठरावीक किमतीपर्यंत वगळण्याची सोय तिच्यात आहे. कंपन्यांच्या जामीनदारांसाठी ती मर्यादा शहरात २० लाख आणि ग्रामीण भागात १० लाख रुपये ठेवली आहे. म्हणजे कंपनीसाठी जामीन राहिलेल्या उद्योजकाला, व्यवसाय न पाहता, राहत्या घराचे संरक्षण आहे. पण चार मागांच्या मालकाला किंवा किराणा दुकानदाराला तेच संरक्षण नाही, कारण त्याच्यासाठी हा भाग अजून लागूच झालेला नाही. हा उघड अन्याय आहे. तो दूर करायला नवा कायदा करावा लागणार नाही, आहे त्या कायद्याची अधिसूचना काढली तरी पुरेल.

नोटीस हातात पडली तर

पहिले काम म्हणजे घराचे मालमत्ता पत्रक किंवा गावात असाल तर घराचा उतारा काढून आणणे. त्यावर ‘बोजा’ म्हणून कोणाचे नाव, किती रक्कम आणि कोणती तारीख आहे, ते बोटाने ओळ धरून वाचा. फिटलेल्या कर्जाचा बोजा वर्षानुवर्षे तसाच राहिलेला अनेकदा सापडतो. मूळ कागद बँकेत ठेवून केलेल्या गहाणाची नोंद मात्र पत्रकावर दिसेलच असे नाही, म्हणून कर्जाच्या कागदांच्या प्रतीही मागून घ्या.

दुसरे, नोटिशीवरचे कलम आणि तारीख पाहा. १३(२) असेल तर ६० दिवस, ताब्याची कारवाई झाली असेल तर ४५ दिवस, आणि लिलावाची जाहिरात यायची असेल तर घर सोडवण्याची ती शेवटची संधी. तिसरे, एकरकमी परतफेडीची बोलणी करायची तर ती याच काळात आणि लेखी करा. चौथे, घरकुलाचा हप्ता ज्या खात्यात येणार आहे, ते खाते थकीत कर्जाच्या बँकेत नसेल तर बरे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कर्जदार नवरा खचून बसला असेल तर पत्नीने स्वतः अर्ज करावा. तो तिचा हक्क आहे.

थोडक्यात

• नादारीचा हुकूम न्यायालय देते. धंदा बुडाला म्हणून कोणी आपोआप नादार होत नाही.
• गहाण घराची वसुली नादारीने थांबत नाही.
• शेतकरी-मजुराचे स्वतः राहत असलेले, गहाण नसलेले घर कलम ६० ने सुरक्षित आहे. ते संरक्षण सोडल्याचा करार चालत नाही.
• थकबाकीनंतरचे बक्षीसपत्र रद्द होऊ शकते.
• नादारी हे घरकुल नाकारण्याचे कारण नाही. पक्के घर, उत्पन्न आणि गेल्या २० वर्षांतला लाभ पाहिला जातो.
• व्याजसवलतीसाठी कर्जखाते चालू असावे लागते.
• मुक्ततेआधी नादाराच्या नावे आलेले घर रिसीव्हरकडे जाऊ शकते.
• घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो.

कर्जबाजारी होणे हा गुन्हा नाही. महापूर, मंदी, आजारपण यांतून कुणावरही ही वेळ येऊ शकते. घरे हातची जातात ती बऱ्याचदा न उघडलेल्या पाकिटामुळे, न विचारलेल्या प्रश्नामुळे आणि लाजेपोटी न केलेल्या अर्जामुळे. म्हणून नोटीस आली की त्याच दिवशी ती वाचा, दुसऱ्या दिवशी जाणकाराला दाखवा आणि घरकुलाच्या यादीत बसत असाल तर मान ताठ ठेवून नगरपरिषदेत अर्ज द्या.